नदीकांठचें घर आणि घरांतील दप्तर

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून त्रैमासिकाच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. पुराच्या पाण्यापासून घर कसें राखावें हा गवंड्याचा अगर इंजिनियराचा विषय. इतिहाससंशोधनाशीं त्याचें काय नातें, असें कोणी म्हणेल. नातें असें कीं, आपल्या प्रांतांतील जुन्या कागदपत्रांचा मोठा भाग अद्यापि संस्थांच्या कपाटांत आलेला नाहीं; तो घराघरांतून, देवघराच्या फडताळांत, जिन्याखालच्या कोनाड्यांत आणि पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे. ज्या घराण्यांनीं हीं दप्तरें पिढ्यान् पिढ्या बाळगलीं, त्यांतील पुष्कळांचीं घरें नदीकांठीं आहेत. वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड हीं नांवें कृष्णेच्या प्रवाहाबरोबर वाचीत खालीं आलें, म्हणजे वेदशाळा, मठ आणि भिक्षुकांचीं घरें घाटापासून हांकेच्या अंतरावर कां वसलीं हें निराळें सांगावयास नको. स्नानसंध्येस पाणी जवळ हवें, आणि जवळचें पाणी पावसाळ्यांत घरांत येतें.

जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखक घालीत असत तो श्लोक संग्राहकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यांत पोथीच वाचकास विनविते कीं, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नको. हा श्लोक आम्हीं विद्यार्थिदशेपासून शेंकडों वेळां वाचला आणि पुढें तीस वर्षें वर्गांत त्याचा अन्वयही सांगितला. परंतु पाणी आणि सैल बांधणी हीं दोन भयें त्या लेखकानें एकापाठोपाठ कां घातलीं, याचा विचार इ. स. २०१९ च्या श्रावणापर्यंत आमच्या मनांत आला नाहीं. चौथें भय त्या श्रावणांत आमच्याच बाबतींत कसें खरें ठरलें, तें पुढें येईलच.

प्रथम नदीविषयीं. कृष्णेचा पूर हा डोंगरी ओढ्याच्या लोंढ्यासारखा एका रात्रींत येऊन जाणारा नव्हे. नदी महाबळेश्वरीं उगम पावते; कऱ्हाडास तिला कोयना मिळते, सांगलीच्या लगत हरिपुरास वारणा मिळते, आणि वाडीस पंचगंगा. या साऱ्यांचें पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर पडतें. सांगलीचें आकाश कोरडें असतां नदी मात्र चढत असते, हें नवख्या माणसास खरें वाटत नाहीं. वारणा तुडुंब भरली म्हणजे कृष्णेचें पाणी तिच्यापुढें अडतें आणि मागें फुगतें. यास आमच्याकडे फुगवटा म्हणतात. अशा पाण्यास धांव नसते. तें बोटाबोटानें चढतें, आणि उतरतेंही तसेंच सावकाश. इ. स. २००५, २०१९ व २०२१ हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील तीन मोठे पूर पुष्य व आश्लेषा या दोन नक्षत्रांत आले. पुष्याच्या पावसास शेतकरी म्हातारा पाऊस म्हणतो. तो जोराचा नसतो, पण एकदां बसला कीं उठत नाहीं. त्या सुमारास धरणें भरत आलेलीं असतात व पाणी सोडावें लागतें.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, या पुरांत घर आंवरण्यास वेळ मिळतो. अचानक झालें अशी सबब सहसा सांगतां येत नाहीं. दुसरी, पाणी आठ-आठ दिवस हलत नाहीं. म्हणून जें भिजेल तें नुसतें भिजून राहत नाहीं, कुजतें.

नदीकांठच्या वस्तीनें पावसाळ्यांत कसें वागावें याचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं केला होता. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत आठ दैवी भयें मोजलीं आहेत: अग्नि, उदक, व्याधि, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र पशु, सर्प आणि राक्षस. (राक्षस वगळले, तर हस्तलिखितांच्या संग्राहकास यांतील पहिलें, दुसरें आणि पांचवें हीं तीन रोजच्या ओळखीचीं आहेत.) उदकभयावर त्याचा उपाय साधा आहे. पाणथळ भागांतील गांवकऱ्यांनीं पावसाळ्याच्या रात्रीं पुराची मर्यादा सोडून वर राहावें. लांकडें, बांबू व नावा जवळ बाळगाव्या. वाहून जाणाऱ्यास भोपळे, पखाली, तराफे यांच्या साहाय्यानें तारावें. आणि जो मदतीस धांवणार नाहीं त्यास बारा पण दंड करावा, मात्र ज्याच्याजवळ तरण्याचें साधन नाहीं त्यास नको. हा शेवटचा अपवाद घालणारा ग्रंथकार नदीकांठीं राहिलेला असावा, असें आम्हांस वाटतें. हा ग्रंथ स्वतः कसा वांचला हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शतकानुशतकें तो नांवानेंच ठाऊक होता. म्हैसूर येथें रा. शामशास्त्री यांनीं एका ताडपत्री प्रतीवरून तो इ. स. १९०९ मध्यें छापला, तेव्हां तो जगापुढें आला. ती प्रत ज्या घरीं होती त्या घरांत एका पावसाळ्यांत पाणी शिरलें असतें, तर वरील बारा पणांचा दंड आज आम्हीं कोठून सांगितला असता?

पुराची मर्यादा सोडून वर राहावें हें वचन घराला कसें लावावें, तें पाहावयाचें असेल तर नरसोबाच्या वाडीस जावें. तेथील दत्तमंदिरांत पावसाळ्यांत पाणी शिरतें. उत्तरेच्या दारानें आंत येऊन पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानें तें बाहेर पडूं लागलें, म्हणजे दक्षिणद्वाराचा सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यांत स्नानास उतरतात. पाणी अधिक चढूं लागलें कीं उत्सवमूर्ति वर मठांत नेतात. पादुका जागींच राहतात. पाण्यास आंत येण्यास वाट आहे, जाण्यासही वाट आहे. जें हलवितां येत नाहीं तें पाण्यास मोकळें दिलें आहे, आणि जें हलवितां येतें तें आधींच वर नेण्याचा परिपाठ ठरलेला आहे. मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग आपण कागदोपत्रीं करतों. पुरापुढें घराचेही तेच दोन भाग करावे, हें सांगण्यासाठींच आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे. भिंतींनीं पाण्याशीं झुंजावें व त्यांच्या आड दप्तरानें निर्धास्त राहावें, ही कल्पना चुकीची असून तिनें फार नुकसान केलें आहे.

जुन्या वाड्यांच्या बांधणींत हाच विवेक दिसतो. जोतें घडीव दगडाचें, कमरेइतकें उंच. त्यावर कांहीं थर दगडाचे किंवा भाजक्या विटांचे, आणि मग वर पांढऱ्या मातीचें काम. घराचा भार लांकडी खांब-तुळयांवर. मातीची भिंत आठ दिवस पाण्यांत राहिली तर विरघळून बसते, पण लांकडी सांगाडा उभा राहतो व पाणी ओसरल्यावर भिंत पुन्हां घालतां येते. खालचा सोपा आणि माजघर हीं राबत्याचीं. धान्याची बेगमी आणि मोलाची वस्तु माडीवर. पुढें रस्ते भर घालून उंच होत गेले, जोतीं त्यांच्या बरोबरीस आलीं, आणि जोत्याची उंची किती होती व कां होती हें घरच्यांसही ठाऊक राहिलें नाहीं. आमच्या गल्लींत एका वाड्याच्या दिंडीस पूर्वीं चार पायऱ्या चढाव्या लागत. आज एक पायरी खालीं उतरून आंत जावें लागतें.

दाराशीं वाळूचीं पोतीं रचून पाणी अडवावें कीं नाहीं, असें पुष्कळ जण विचारतात. पाणी हातभर येऊन जाणार असेल तर अवश्य अडवावें. त्याहून अधिक येणार असेल तर अडवूं नये, आणि याचें कारण गणितांत आहे. एक मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारें ५०० किलोंचा आडवा रेटा देतें. पाणी दोन मीटर झालें म्हणजे हा रेटा दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. म्हणजे २,००० किलो. आंतून तितकेंच पाणी असलें तर दोन्ही रेटे परस्परांस तोलतात व भिंत उभी राहते. आंत कोरडें आणि बाहेर दोन मीटर, अशा स्थितींत जुनी भिंत आडवी होते. म्हणून पाणी मोठें येणार असें दिसतांच दारें उघडीं ठेवून त्यास आंत येऊं देणें हेंच भिंतीचें रक्षण होय. हें करण्यास मन धजत नाहीं, हें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे.

पाणी प्रथम दिंडीनें येतें अशीही समजूत आहे. तें प्रथम मोरीनें व शौचकूपाच्या नळानें येतें, कारण गटार रस्त्याच्या आधीं भरतें. मोरीचें तोंड ओल्या चिकणमातीच्या पिशव्यांनीं दाबून वर दगड ठेवावा. विजेचा मुख्य खटका पाणी जोत्यास लागण्यापूर्वीं बंद करावा, आणि सर्व कोरडें झाल्यावर जाणत्याकडून तपासून घेतल्यावांचून उघडूं नये. पाणी उतरल्यावर मातीच्या भिंतीजवळ निजूं नये. भिंती पाणी चढतांना पडतात त्यापेक्षां उतरतांना अधिक पडतात, कारण भिजून जड झालेल्या भिंतीस बाहेरच्या पाण्याचा टेंका नाहींसा होतो. भिंती वाळण्यास महिने द्यावे आणि गिलावा करणें तर चुन्याचा करावा. सिमेंटाचा गिलावा आंतली ओल कोंडतो व पुढील दोन-तीन पावसाळे त्या घरांतील कागदांस बुरशी येत राहते.

आतां आमच्या घरची हकीकत सांगणें प्राप्त आहे. आमचें घर सांगलीच्या गांवभागांत. नदीची पातळी आयर्विन पुलाशीं मोजतात; तेथें ४० फूट ही इशाऱ्याची आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. हे फूट नदीच्या पात्रापासून मोजलेले, आपल्या उंबऱ्यापासून नव्हत; म्हणून नुसता आंकडा ऐकून घरचें कांहींच कळत नाहीं. इ. स. २००५ च्या पुरांत आमच्या वडिलांनीं माजघराच्या भिंतीवर कोळशानें रेघ ओढून ठेवली होती. ती भुईपासून चार फुटांवर होती. त्या वेळीं पुलाशीं सुमारें ५४ फूट पाणी होतें. वडिलांच्या मागें ही रेघ आमचें प्रमाण झाली. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या तिन्ही प्रमाणांचें बळ तिच्यामागें आहे, असें आम्ही थट्टेनें म्हणत असूं.

२०१९ च्या उन्हाळ्यांत नदीकांठच्या एका गांवीं एका घराण्यानें आपल्याकडील मोडी कागदांचें एक पुडकें आणि एक बाड आम्हांस वाचण्यास दिलें. बाड ८६ पानांचें; कुलकर्णी वतनाचे हिशेब, मधूनमधून घरगुती टिपणें, आणि दोन ठिकाणीं पावसाच्या व नदीच्या नोंदी. आम्हीं ३१ पानें बाळबोधींत उतरून घेतलीं होतीं. आमचें लिहिण्याचें मेज पूर्वीं माडीवर असे. परंतु गुडघे दुखूं लागल्यापासून आम्हीं तें खालीं आणलें होतें व त्याबरोबर कागदही खालीं आले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत पाणी चढूं लागलें, तेव्हां आम्हीं तें पुडकें व बाड पत्र्याच्या पेटींत घालून, पेटीस कुलूप लावून, ती कपाटाच्या माथ्यावर ठेविली. कपाट साडेपांच फूट उंच. म्हणजे कोळशाच्या रेघेच्या दीड फूट वर. एवढें करून आम्ही निर्धास्तपणें मुलाकडे मिरजेस गेलों. जिन्याच्या पंधरा पायऱ्या चढून पेटी माडीवर ठेवण्यास आम्हांस पांच मिनिटें लागलीं असतीं.

त्या पुरांत पुलाशीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. आमच्या माजघरांत तें सात फुटांहून अधिक चढलें आणि नऊ दिवस राहिलें. परत आलों तेव्हां कपाट पालथें पडलें होतें, आणि पेटी खोलीच्या दुसऱ्या टोंकास गाळांत रुतलेली होती. पत्र्याची पेटी पाण्यावर तरंगते, कलते, मग झांकणाच्या फटींतून भरते व बुडते. आणि बाहेरचें पाणी ओसरलें तरी आंतलें ओसरत नाहीं. आम्हीं कुलूप काढलें त्या वेळीं ती अर्धी भरलेली होती. माडीवर मात्र आजोबांच्या संस्कृत पोथ्या, ज्या आमच्याशिवाय घरांत कोणी उघडीत नाहीं, त्या होत्या तशाच कोरड्या. त्यांतील बहुतेक ग्रंथ छापलेले मिळतात.

त्या पुरानें लोकांचें जें गेलें त्यापुढें आमच्या पेटीची कथा ती काय? ब्रह्मनाळास नाव उलटून माणसें बुडालीं तीं याच दिवसांत. सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयांत पाणी शिरून हजारों पुस्तकें भिजलीं. तरीही संग्राहकांपुढें ही कथा सांगितलीच पाहिजे, कारण तो कागद आमचा नव्हता. ज्यांचा होता त्या वृद्ध गृहस्थांकडे आम्ही दसऱ्यानंतर गेलों आणि झालें तें सांगितलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "असूं द्या, मास्तर. आमच्याकडं असतं तर उंदरांनीं खाल्लं असतं. तुम्हीं निदान थोडं वाचलं तरी." हें समाधान आमच्या अजून उपयोगी पडलेलें नाहीं.

सबब जंगम कोठें ठेवावें हें स्पष्ट सांगतों. गेल्या पुराची खूण ही पाण्याची मर्यादा नव्हे. तें एका वर्षाचें टिपण आहे. नदीकांठच्या घरांत हस्तलिखित तळमजल्यावर ठेवूंच नये, मग खूण कोठेंही असो. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं, घरांत पावसाळ्याची बेगमी भरतात त्याच सुमारास, सर्व कागद माडीवर जावे व दसऱ्यास सरस्वतीपूजनाच्या निमित्तानें उघडून पाहावे. जैनांचीं ग्रंथभांडारें कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीच्या दिवशीं, झाडून पुसून ग्रंथांस वारा देतात. पावसाळ्याची ओल काढण्यास याहून चांगली तिथि नाहीं. माडीवरही छपराच्या गळतीचें भय असतें, म्हणून कौलांखालीं थेट न ठेवतां मधल्या खणांत, भिंतीपासून वीतभर सोडून, लांकडी मांडणीवर ठेवावे. ज्यांचें घर एकमजली आहे त्यांनीं चार महिन्यांपुरतें दप्तर उंचावरील आप्ताकडे ठेवावें. यांत कमीपणा नाहीं. वाडीस देवही हेंच करतात.

बांधणी घट्ट असावी. पोथी दोन फळ्यांमध्यें धरून दोरीनें आंवळावी, वर सुती बासन गुंडाळावें. मोडी कागद रुमालांत बांधावे. घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यांत पाणी कडांनीं शिरतें, गाभ्यापर्यंत पोंचण्यास त्यास वेळ लागतो. सैल गठ्ठा मात्र स्पंजासारखा पितो, पानें सुटतात व वाहून जातात. श्लोककर्त्यानें पाण्यामागोमाग सैल बांधणी कां घातली याचा उलगडा आम्हांस त्या पेटीपाशीं बसून झाला: फळ्या आंवळलेल्या बाडाचा गाभा कांहींसा शिल्लक होता, पुडक्याचा लगदा झाला होता. प्लास्टिकच्या पिशवींत घालून तोंड बंद करणें हें पुराच्या आठवड्यापुरतें ठीक आहे. वर्षभर तसें ठेवल्यास कागद आंतल्या आंत घामेजतो. लोखंडी कपाटांत फुगलेले कागद असे आंवळून बसतात कीं खण फोडावा लागतो. आणि कुलूप लावूं नये. पुराच्या गडबडींत शेजारचें पोर माडीवर चार फेऱ्या घालण्यास तयार असतें. त्याला किल्ली सांपडत नाहीं. कोणतें आधीं उचलावें याची चार ओळींची याद दाराच्या आंतल्या बाजूस लावून ठेवावी: एकुलतें एक व अप्रकाशित तें प्रथम, दुसऱ्याचें म्हणून आणलेलें तें त्याहीपूर्वीं, छापलेलें सर्वांत शेवटीं.

एवढें करूनही कागद भिजलाच तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. ओल्या कागदावर सुमारें ४८ तासांत बुरशी धरूं लागते. आपल्या जुन्या हातकागदास खळ देऊन घोटलेलें असतें; ती खळ बुरशीचें अन्नच आहे, आणि भिजल्यावर तिच्यामुळेंच पानें एकमेकांस चिकटतात. ओला गठ्ठा लगेच उकलण्याचा मोह आवरावा. चिंब भिजलेल्या कागदास स्वतःचा भार सोसत नाहीं; पान उचलूं गेल्यास कोपरा हातांत येतो. गठ्ठा अख्खाच फळीवर किंवा ताटांत घेऊन न्यावा. शाई कोणती हें पाहावें. काजळाची शाई पाण्यानें फिकी होत नाहीं, कारण काजळ हा कोळसाच. परंतु तीस धरून ठेवणारा डिंक विरघळतो, म्हणून ओल्या पानावरून बोट फिरविलें कीं अक्षर बोटास लागतें. अशा पानावरचा गाळ धुवूं नये, पुसूं तर मुळींच नये. वाळल्यावर मऊ कुंचल्यानें झाडावा. अळित्यासारखे रंग पसरतात, आणि अलीकडील रासायनिक शाई तर पाण्याबरोबर निघूनच जाते. आमच्या बाडांतील मूळ लिखाण पुष्कळसें राहिलें. मागाहून कोणीं दौतीच्या जांभळ्या शाईनें समासांत लिहिलेलीं टिपणें गेलीं, तीं सारीं गेलीं.

वाळविणें सावलींत, वाहत्या वाऱ्यांत. उन्हानें कागद आंकसतो, सुरकुततो आणि ठिसूळ होतो. इस्त्रीनें तर उरलेली खळ शिजून पानें कायमचीं जोडलीं जातात. गठ्ठा कडेनें उभा धरून पाणी निथळूं द्यावें. मग दहा-वीस पानांच्या अंतरानें टीपकागद किंवा कोरा, न छापलेला कागद घालावा व तो दर दोन-तीन तासांनीं बदलावा. पानें आपण होऊन सुटूं लागलीं म्हणजेच एकएक करावीं. गुळगुळीत चकचकीत कागदावरील चित्रांच्या पुस्तकास मात्र हा नियम नाहीं. तो कागद वाळतांना विटेसारखा जमतो, म्हणून त्याचीं पानें ओलीं असतांनाच सोडवून मध्यें कागद घालावे लागतात.

गठ्ठे पुष्कळ असले आणि हात थोडे असले तर? ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं इटलींत आर्नो नदीच्या पुरानें फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील अगणित ग्रंथ चिखलांत गेले. त्या वेळीं लांकडाचा भुसा घालून आणि तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्यांत ठेवूनही ग्रंथ वाळवावे लागले. पुढें १९७२ मध्यें अमेरिकेंत कॉर्निंग येथील कांचेच्या संग्रहालयांत पूर शिरला, तेव्हां भिजलेलीं पुस्तकें गोठवून ठेवलीं व सवडीनें वाळविलीं. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाहीं व शाई पसरत नाहीं. अशा रीतीनें दोन दिवसांची मुदत महिन्यांची करून घेतां येते. आज हा उपाय सर्वमान्य आहे व आपल्या आटोक्यांतलाही आहे. एक-दोन बाडें घरच्या शीतकपाटाच्या बर्फाच्या खणांत मावतात. प्रत्येक बाड निराळें, मेणकागदांत किंवा प्लास्टिकांत गुंडाळून ठेवावें. ताडपत्र मात्र जाणत्याच्या सल्ल्यावांचून गोठवूं नये. आमच्या भागांत बेदाण्यासाठीं मोठमोठीं शीतगृहें आहेत. परंतु तीं थंड असतात, गोठविणारीं नसतात. तेथें बुरशी मंदावते, थांबत नाहीं. मोठा संग्रह असेल तर आइस्क्रीम ठेवणाऱ्या व्यापाऱ्याशीं पावसाळ्यापूर्वींच बोलून ठेवावें. तो प्रथम हंसेल. आमच्याही गांवचा हंसला, पण नाहीं म्हणाला नाहीं.

हें सर्व आम्हांस २०१९ मध्यें ठाऊक नव्हतें. आम्हीं बाड उन्हांत ठेविलें. तें एकदां ठेविल्यावर जें झालें तें झालें. ८६ पानांपैकीं २४ पानें आज वाचतां येतात. त्यांतील ९ आम्हीं पूर्वीं उतरलेल्या ३१ मधलींच आहेत. म्हणजे एकंदर ४६ पानांचा मजकूर हातीं आहे व ४० पानांचा नाहीं. नदीविषयींच्या दोन नोंदींपैकीं एक उतरलेली होती. दुसरी पुढें सवडीनें घेऊं म्हणून आम्हीं कागदाची खूण घालून ठेविली होती.

तेव्हांपासून कोणतेंही हस्तलिखित आमच्या घरीं आलें कीं वाचण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें घेतों आणि त्यांची एक प्रत आपल्या नदीच्या पुराच्या टप्प्याबाहेर ठेवतों. आमची भीमेच्या खोऱ्यांत, पुण्यास असते. २०२१ मध्यें पुलाशीं पाणी ५५ फुटांजवळ आलें, तेव्हां आमच्या माजघरांत पांच फूट होतें आणि माडीवर एकही कागद ओला झाला नाहीं. गुडघे दुखले.

वाचकांस एक विनंती आहे. ज्यांचें घर अगर ज्यांच्या परिचयाचें मंदिर, मठ, घाट नदीकांठीं आहे त्यांनीं तेथील पुराच्या खुणा पाहाव्या. अशा खुणा बहुधा कोळशाच्या, गेरूच्या, क्वचित् दगडावर टांकीनें केलेल्या असतात, आणि घराला रंग देतांना पुसल्या जातात. खुणेचें वर्ष, ती कोणीं केली हें घरच्यांचें सांगणें, आणि तिची उंची, कोणत्या पायरीपासून मोजली तें स्पष्ट लिहून, त्रैमासिकाकडे कळवावी. दिंडीच्या पहिल्या पायरीस पाणी लागलें त्या वेळीं जवळच्या पुलाशीं अगर बंधाऱ्याशीं किती फूट होतें, हेंही जमल्यास नोंदवावें. आमच्या पायरीस तें ४७ फुटांस लागतें. जुन्या बाडांत, जमाखर्चांत किंवा पत्रांत नदीच्या पाण्याची नोंद आढळल्यास ती तिथीसह, कितीही लहान असली तरी, त्याच दिवशीं उतरून घ्यावी.